सगळ्यांकडे नंबर तुझाच का गं?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी ३४ ची, रावेतला राहते. हिंजवडी फेज थ्रीला कंपनी आहे, टेस्टिंग लीड आहे, पण २०२० च्या मार्चपासून घरूनच काम करते. नवरा पण आयटीतच, तो रोज खराडीला जातो. मुलगी सिनिअर केजीला आहे, साडेबाराला व्हॅनने घरी येते. सासूबाई आमच्याकडेच असतात, गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता कंपनीने मेल काढलाय, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं, आणि ज्यांना कायम घरूनच करायचंय त्यांनी महिनाअखेरपर्यंत तसं लिहून द्यायचं, पण मग त्यांना लीडची पोझिशन मिळणार नाही. नवरा म्हणतो लिहून दे, तुझं घरून किती सोयीचं पडतं सगळ्यांनाच. सासूबाईंचं पण तेच. पण ताई खरं सांगू का, मला ऑफिसला जायचंय. नुसतं कामासाठी नाही, कुणीतरी डबा उघडून 'आज काय आणलंस' असं विचारावं म्हणून. असं वाटतं आणि लगेच वाटतं की मी कसली आई. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून चालतं पण तो घेत नाही, म्हणतो मॅनेजरच्या डोळ्यासमोर असलेलं बरं. घरात टेबल-खुर्ची आहे बेडरूममध्ये, पण मी डायनिंग टेबलवरच बसते कारण तिथून दार, गॅस आणि लेक तिन्ही दिसतात. काय करू?"
रावेतहून एक

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं हां, ऑफिस का घर एवढाच प्रश्न आहे, अशी पत्रं गेल्या वर्ष-दोन वर्षांत बरीच आलीत. दुसऱ्यांदा वाचताना ते डायनिंग टेबलचं वाक्य दिसलं आणि तिथेच थांबले. दार, गॅस आणि लेक. तू हे किती सहज लिहून टाकलंस, जसं काही टेबलाला उजेड चांगला येतो म्हणून तिथे बसतेस. ही काम करायची जागा नाहीये गं, ही वॉचमनची जागा आहे! सोसायटीचा वॉचमन पण असाच बसतो, गेट दिसेल, लिफ्ट दिसेल आणि पाण्याची मोटर ऐकू येईल अशा ठिकाणी, पण त्याला निदान तेवढंच काम असतं, तुझ्यासारखं वर रिलीज आणि बग आणि अमेरिकेचा कॉल नसतो.

तर आधी ते 'कसली आई' चं मिटवून टाकू कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. डबा खायला माणसं हवीत असं वाटण्यात काहीही चूक नाही. चीनमध्ये एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीत स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१५ ला तो छापून आला. कॉल सेंटरच्या ज्या लोकांनी हौसेने घरून काम मागितलं होतं त्यातल्या काहींना आठवड्यातून चार दिवस घरून करू दिलं, बाकीच्यांना ऑफिसातच ठेवलं. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण नऊ महिन्यांनी प्रयोग संपला आणि त्यांना विचारलं की आता काय करता, तर जवळजवळ निम्मे ऑफिसला परत गेले, आणि मोठं कारण काय होतं, तर घरी एकटं वाटतं! स्वतःहून हात वर करून घरून काम मागितलेली माणसं ही, त्यात बाप्ये पण होते. तेव्हा हे आईपणाचं काही नाही, माणसाला माणसं लागतात.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र तुझ्या कामाची आहे. घरून करणाऱ्यांचं काम वाढलं, पण तेवढंच काम असून प्रमोशन मात्र ऑफिसातल्यांपेक्षा कमी मिळालं. डोळ्याआड गेलेल्याचं कोण लक्षात ठेवतं. तुझ्या कंपनीने तर लाजलज्जा न ठेवता मेलमध्येच लिहून टाकलंय की घरून हवं तर लीड विसरा.

आता तुझ्या नवऱ्याचं. पत्रातून तरी तो वाईट माणूस वाटत नाही, आणि 'मॅनेजरच्या डोळ्यासमोर' हे तो म्हणतो ते अगदीच खोटं पण नाही, वर मी तेच तर सांगितलं. पण मग गंमत बघ ना, डोळ्यासमोर नसलं की नुकसान होतं हे त्याला पक्कं माहितीये, म्हणून तो दोन दिवस सुद्धा घरी राहत नाही, आणि तुला मात्र म्हणतो पाचही दिवस राहा, कायमचं लिहून दे. म्हणजे जे स्वतःला परवडत नाही ते तुला परवडेल असं त्याने धरून चाललंय. त्याला हे असं मांडून दाखव, भांडून नको, नुसतं हे एक वाक्य म्हण आणि गप्प बस. उत्तराची घाई करू नकोस.

आणि त्याची भीती कमी करायला त्याला त्या चीनच्या ट्रॅव्हल कंपनीतलाच दुसरा प्रयोग सांग, २०२४ ला नेचर या विज्ञानाच्या साप्ताहिकात आलेला. यात कॉल सेंटर नव्हतं, इंजिनिअर, मार्केटिंग, फायनान्सवाले असे १६१२ लोक होते. ज्यांचा वाढदिवस विषम तारखेला त्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस, सहा महिने असं चालवलं. पुढची दोन वर्षं बघितलं तर कामात फरक नाही, प्रमोशनमध्ये फरक नाही, आणि नोकरी सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. मॅनेजर लोकांना आधी वाटत होतं काम ढेपाळणार, नंतर त्यांचंच मत बदललं. म्हणजे कायम घरी बसण्यात आणि दोन दिवस घरी राहण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच्याकडे जे दोन दिवस पडून आहेत ना ते स्वस्त आहेत, तुझे पाच दिवस महाग आहेत.

पण मला वाटतं खरी भीती मॅनेजरची नसते, हसण्याची असते. माझंच सांगते. मी बँकेत होते, ३१ वर्षं केली नोकरी. १९९४ ला मुलाला कांजिण्या आल्या आणि नेमकं आमचं सप्टेंबरचं क्लोजिंग, मला रजा मिळणं शक्यच नव्हतं. हे एका कारखान्यात स्टोअर्सला होते, यांनी चार दिवस रजा टाकली, कॅलामाइन लावलं, मऊ भात केला, सगळं नीट केलं. पाचव्या दिवशी कामावर गेले तर साहेबांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, 'काय हो, वहिनी माहेरी निघून गेल्या का?' सगळे हसले, हे पण हसले. घरी येऊन मला सांगताना पण हसले. पण सहा महिन्यांनी मुलाला परत ताप आला तेव्हा रजा मी टाकली, आणि आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. नंतर वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं. मला अजून वाटतं की त्या दिवशी मी हसायला नको होतं.

लॉकडाऊनमध्ये वाटलं होतं की आता तरी फरक पडेल, दोघंही घरात, दोघांचेही लॅपटॉप उघडे, कोण किती करतं ते समोरच दिसतंय. एप्रिलमध्ये भांडी घासणाऱ्या नवऱ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर धो धो येत होते, आमच्या नात्यातले तर एकेक जण कढई घेऊन पोझ देत होते, गणपतीपर्यंत फोटो बंद झाले, आणि भांडी पण. सरकारचा टाइम यूज सर्व्हे असतो, माणसं दिवसाचे चोवीस तास कुठे घालवतात ते मोजणारा. २०१९ ला बायका बिनपगारी घरकामात दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं घालवत होते. मध्ये अख्खा कोविड झाला, वर्क फ्रॉम होम आलं, आणि २०२४ ला आकडे काय, तर बायका २८९ आणि पुरुष ८८. दोघांचंही कमी झालं की, समानता! आणि ते ८८ पण कुणाचे, तर जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. ज्यांनी त्या दिवशी घरात काडी इकडची तिकडे केली नाही ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत, आणि करणारे किती, १०० मधले साधारण २७.

तुझा नवरा त्या २७ मध्ये असेलही, शनिवारी मटण आणत असेल, लेकीला सायकलवर फिरवत असेल. माझा मुद्दा त्याने किती मिनिटं केलं हा नाहीच. माझा प्रश्न असाय की फोन कुणाला येतो?

म्हणजे बघ, सोसायटीच्या गेटच्या ॲपवर पहिला नंबर कुणाचा आहे? कुरिअरवाला खाली आला, पार्सल आलं, पाण्याच्या टँकरचा मेसेज आला, कुणाचा फोन वाजतो? व्हॅनवाल्या काकांकडे कुणाचा नंबर आहे? शाळेत ताप आला तर कुणाला बोलवतात? लेकीच्या डॉक्टरकडे, गॅसला, पोळ्यांच्या काकूंकडे, सासूबाईंच्या फिजिओकडे? सगळीकडे तुझाच ना? मला न विचारताच माहितीये. आणि शाळेचा तो व्हॉट्सॲप ग्रुप, त्याचं नावच 'सिनिअर केजी मॉम्स' की काहीतरी असेल, त्यात बाप घ्यायचा नसतो असा जणू नियमच असतो.

हे सगळे फोन तुला येतात ते तू घरी आहेस म्हणून असं सगळ्यांना वाटतं, तुला पण. पण तू ऑफिसला जायला लागलीस तरी ते तुलाच येणार आहेत, हे लिहून ठेव. फक्त आता तू फेज थ्रीच्या मीटिंग रूममधून बाहेर येऊन कुजबुजत्या आवाजात कुरिअरवाल्याला सांगशील की वॉचमनकडे ठेवा. माझ्या शेजारणीची सून असंच करते, आठवड्यातून चार दिवस ऑफिसला जाते आणि चारही दिवस घर कानाला लावून बसते. म्हणून म्हणते, ऑफिसला जायचं की नाही याच्या आधी नंबर बदल. सगळे नाही, पाच. गेट, व्हॅन, शाळा, डॉक्टर, पोळ्यांच्या काकू. या पाच ठिकाणी पहिला नंबर नवऱ्याचा, तुझा दुसरा. फार मोठी क्रांती वाटत नाही ना? करून बघ, मग कळेल कुठे किती दुखतं ते.

तो म्हणेल मी मीटिंगमध्ये असतो. तू पण असतेसच की. तो म्हणेल मला माहिती नसतं काकूंना काय सांगायचं. दोन आठवड्यांत माहिती होतं, त्याला काय. आणि मध्ये एकदा तरी घोळ होणार, व्हॅन चुकेल नाहीतर पोळ्या विसाच्या ऐवजी बारा होतील, तेव्हा तू धावत जाऊन सावरायचं नाही. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती तुझ्या बाजूची आहे. आपल्याला पण ना, सगळं आपल्यालाच नीट जमतं याचा छुपा अभिमान असतो, मला होता, अजून आहे. बारा पोळ्या झाल्या तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून तो आठ आणेल, पुण्यात पोळीवाचून कुणी उपाशी राहिलेलं मी तरी ऐकलं नाही.

पोळ्यांच्या काकूंवरून आठवलं, हे थोडं बाजूचं आहे पण सांगतेच. त्यांना कुठलं आलंय वर्क फ्रॉम होम. त्यांची मुलगी आजारी पडली की त्या खाडा करतात आणि आपण कपाळाला आठ्या घालतो. तू तीन दिवस बाहेर पडणार ती त्यांच्या जिवावर, तेव्हा महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या ठरवून दे त्यांना, आणि हे बोलणं पण नवऱ्यालाच करू दे.

सासूबाईंचं नाजूक आहे. त्यांना तू घरात हवीस हे मला कळतं, ऑपरेशननंतर माणूस घाबरलेला असतो, दुपारी एकटं असायला नको वाटतं. पण त्यांच्यावर साडेपाच वर्षांची मुलगी टाकून जाऊ पण नकोस, गुडघा बदललेली बाई मुलीच्या मागे धावू शकत नाही. तीन दिवसांतले दोन तुझा नवरा घरी असेल असं ठरव, तेव्हा प्रश्न एकाच दुपारचा उरतो. त्या एका दिवसासाठी जवळचं पाळणाघर बघ. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते असा कायदा आहे, २०१७ पासून, आणि बऱ्याच कंपन्या जवळच्या पाळणाघराशी टाय-अप करून ठेवतात पण बोंब मारून सांगत नाहीत. एचआरला मेल टाक, कुठल्या वयापर्यंत घेतात ते पण विचार.

कायद्याचा विषय निघालाय तर माझी एक चिडचिड ऐकून घे. बाळंतपणाच्या लाभांच्या कायद्यातल्या त्याच २०१७ च्या दुरुस्तीत बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे केली, चांगलंच केलं, आणि असं पण घातलं की रजा संपल्यावर काम घरून होण्यासारखं असेल तर मालक आणि ती बाई आपापसात ठरवून घरून करू शकतात. बाई. बाप नाही. नंतरच्या सामाजिक सुरक्षा संहितेत पण ते तसंच ठेवलंय. केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांसाठी ७३० दिवसांची रजा आहे, ती बायकांना आणि एकट्या बापाला, म्हणजे बायको हयात आणि घरात असेल तर बापाला मूल सांभाळायचं कारणच काय! त्याला आपली १५ दिवसांची पितृत्व रजा, आणि खासगीत तर तेवढी द्यायची पण सक्ती नाही. प्रत्येक सवलत वेगळी वेगळी बघितली तर चांगलीच आहे, एकीला पण मी नाही म्हणणार नाही, पण सगळ्या मिळून एकच सांगतात की घर सांभाळणं हे बाईचं अडलेलं काम आहे आणि आम्ही तिला जरा सूट देतोय. मग मॅनेजर पण तेच शिकतो, नवरा पण.

क्लॉडिया गोल्डिन म्हणून बाई आहेत, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना. त्या म्हणतात की काही नोकऱ्या हावरट असतात, रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, कधीही हाक मारली की धावणाऱ्यालाच त्या भरपूर पैसे देतात. मग सारख्या शिकलेल्या नवरा-बायकोत एक जण हावरट नोकरी धरतो आणि दुसरी लवचिक धरते, कारण घरात कुणीतरी तर हाताशी हवं, आणि हिशोबाने बघितलं तर दोघांनाही ते पटतं. दहा वर्षांनी पगारात एवढी दरी पडते की मग नवरा म्हणतो, अगं तुझ्यापेक्षा माझा पगार जास्त आहे, मी कशी रजा घेऊ. आज तू लिहून दिलंस ना, तर चार-पाच वर्षांनी हे वाक्य तुझ्या घरात येणार, आणि तेव्हा ते खरं असेल, त्याला उत्तर नसेल तुझ्याकडे.

म्हणून माझं सरळ मत, लिहून देऊ नकोस. हे सगळ्यांना लागू नाही हं. माझी भाची वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं नाशिकहून काम करत होती, तिला घरून नसतं मिळालं तर नोकरीच सोडावी लागली असती, आणि साताऱ्याला-सांगलीला बसून पुण्याचं काम करणाऱ्या किती मुली आहेत. पण त्या मुलींनी ते स्वतः मागितलं, तुझ्याकडे घरातले मागतायत.

तीन दिवस काही मजेचे नसणारेत. हिंजवडीचा ट्रॅफिक तू पाच वर्षांत विसरली असशील, मी नुसती भाच्याला सोडायला गेले होते एकदा, परत येताना देव आठवले. तेव्हा मॅनेजरशी वेळेचं बोलून घे, आधी जाऊन आधी निघायचं आणि संध्याकाळचा अमेरिकेचा कॉल घरून घ्यायचा, असं मेलवर लिहून घे. आणि एक विचार त्यांना, तू लीड आहेस तर तू विचारूच शकतेस, की कायम घरून असं लिहून देणाऱ्यांत पुरुष किती आहेत? माझा अंदाज आहे की त्या यादीत जवळजवळ सगळ्या लहान मुलांच्या आयाच असतील. तसं निघालं तर लीडची अट सगळ्यांना सारखी आहे हे नुसतं कागदावर, प्रत्यक्षात बायकाच खाली उतरतायत. असं कुणीतरी मीटिंगमध्ये मोठ्याने म्हणायला हवं, तू एकटी नको, अजून दोघी-तिघी मिळून म्हणा.

बाकी जे दोन दिवस घरी असशील त्या दिवशी बेडरूममधल्या टेबलावर बस. दार लावून. सासूबाईंना चहा बारा वाजता एकदा एकत्र घेऊया असं सांग, त्यांना बरं वाटेल, तुला पण. गॅसवर काही ठेवून बसायचं नाही, आणि संध्याकाळच्या कॉलला कुकरच्या शिट्ट्या अमेरिकेपर्यंत गेल्या नाहीत तर त्यांचं काही अडणार नाही.

महिना संपायला अजून वेळ आहे ना? मग या रविवारी चहा झाल्यावर दोघं फोन घेऊन बसा आणि ते पाच नंबर बदला. सोमवारी साडेबाराला व्हॅनवाल्या काकांचा फोन त्याला जाईल, तेव्हा तो बहुतेक खराडीला कुठल्यातरी रिव्ह्यूमध्ये असेल. वाजू दे. काय झालं ते मला नक्की कळव.